आधी पत्ता, मग लस

जपानमध्ये राहायला गेलेल्या परदेशी माणसाच्या लसीकरणाची सुरुवात वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर होते. दवाखाना फार पुढे येतो. घर ठरल्यापासून चौदा दिवसांच्या आत या ऑफिसात जायचे, टोकन घ्यायचे, स्थलांतराचा फॉर्म भरायचा आणि विमानतळावर मिळालेले झाइर्यू कार्ड, म्हणजे निवासाचे ओळखपत्र, खिडकीतून आत द्यायचे. थोड्या वेळाने ते परत मिळते तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला नवा पत्ता आलेला असतो. त्या क्षणापासून तो माणूस ‘जुमिनह्यो’ या रहिवासी नोंदीत दाखल होतो आणि आरोग्य विमा, स्थानिक कर, मुलांची शाळा यांबरोबर लशीची पत्रेही त्याच नोंदीवरून निघू लागतात. नव्याने आलेल्यांना ही सगळी निव्वळ कटकट वाटते, आणि अनोळखी लिपीतले चार फॉर्म एका बैठकीत भरायचे म्हटल्यावर ते स्वाभाविकच आहे. तरीही माझे मत असे, की पत्त्याची ही नोंद हाच लसीकरणाचा पहिला टप्पा आहे. लशीचा हक्क नागरिकत्वावर किंवा नोकरीवर न टांगता राहत्या पत्त्यावर टांगणे हा जपानचा निर्णय योग्यच आहे. या व्यवस्थेचा खरा दोष तिच्या कागदांच्या भाषेत आहे, आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

पूर्वी परदेशी लोकांची नोंदवही वेगळी असे. १९५२ च्या कायद्याने ती जपानी रहिवाशांच्या नोंदीपासून बाजूला ठेवली होती. जपानी स्त्रीशी लग्न केलेला परदेशी माणूस त्याच घरात, त्याच मुलांसोबत राहत असला, तरी त्या कुटुंबाच्या नोंदीत घरातला एक सदस्य म्हणून त्याचे नाव येत नसे. ९ जुलै २०१२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि तीन महिन्यांहून जास्त मुदतीच्या परवान्यावर राहणारे परदेशी लोक इतरांच्याच नोंदवहीत आले. या बदलाचे मोल २०२१ मध्ये दिसले. त्या वर्षी १७ फेब्रुवारीला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून कोविडची लस सुरू झाली, एप्रिलपासून ज्येष्ठांना मिळू लागली, आणि पालिकांनी रहिवासी नोंदीतल्या नावांवर कूपने पाठवली. पाकीट कोणाला जाईल हे वय आणि पत्ता यांवर ठरत होते. राष्ट्रीयत्वाचा त्यात प्रश्न नव्हता, आणि लस सगळ्यांना मोफत होती. टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाई स्टेशनच्या आसपास, भारतीयांची मोठी वस्ती आहे. त्यांत आयटीत काम करणारी मराठी कुटुंबेही आहेत. याच वॉर्डातून मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये स्थानिक सभेवर निवडून आले, पण त्यासाठी त्यांनी आधी जपानी नागरिकत्व घेतलेले होते. त्यांच्या शेजारच्या इमारतीतल्या भारतीय पासपोर्टधारकाला त्या निवडणुकीत मत नव्हते, लशीचे पाकीट मात्र होते. मताचा हक्क आणि आरोग्याचा हक्क वेगवेगळ्या नोंदींवर चालावेत, हे मला या व्यवस्थेचे सर्वांत शहाणपणाचे अंग वाटते. संसर्ग पासपोर्ट पाहून घरात शिरत नाही.

घरी येणाऱ्या पत्राला इतके महत्त्व कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर जपानच्याच एका कटू अनुभवात आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या नियमित लसीकरणात आली. दोनच महिन्यांत, काही मुलींना लशीनंतर झालेल्या त्रासाच्या बातम्या गाजल्यावर, सरकारने तिची सक्रिय शिफारस थांबवली. लस कायद्याने रद्द झाली नव्हती आणि ठरलेल्या वयाच्या मुलींना ती मोफतच होती. बंद झाले ते पालिकेकडून घरी येणारे बोलावणे. सुरुवातीच्या तुकड्यांत सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेले प्रमाण पुढच्या तुकड्यांत एका टक्क्याच्याही खाली गेले. भीतीचा वाटा त्यात मोठा होता, हे मान्यच केले पाहिजे. सगळे खापर न आलेल्या पत्रावर फोडता येणार नाही. पण पुढचा भाग पाहा. ऑक्टोबर २०२० मध्ये, सक्रिय शिफारस अजून बंदच असताना, मुलींच्या घरी निदान माहितीपत्रक तरी पाठवा, असे केंद्र सरकारने पालिकांना कळवले आणि लस घेणाऱ्यांची संख्या पुन्हा वर सरकू लागली. शिफारस अधिकृतपणे सुरू झाली ती एप्रिल २०२२ मध्ये. घरी आलेला कागद माणसाला हलवतो, आणि तो कागद वाचता न येणाऱ्या घरात तो न आल्यासारखाच असतो, हे दोन्ही यातून निघते.

त्या कागदांतला सगळ्यांत महत्त्वाचा कागद म्हणजे ‘योशिनह्यो’, लस देण्याआधीची प्रश्नावली. कोविडच्या लशीची प्रश्नावली जवळून पाहिली की पूर्ण व्यवस्थेची रचना एका पानावर दिसते. सगळ्यांत वर रहिवासी नोंदीतला पत्ता लिहायचा. मग नाव, फोन, जन्मतारीख आणि तपासणीपूर्वीचे तापमान; ते साडेसदतीस किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी लस नाही. सुरुवातीच्याच प्रश्नांपैकी एक असा, की सध्या तुमची रहिवासी नोंद ज्या पालिकेत आहे आणि कूपनावर जिचे नाव आहे, त्या दोन्ही एकच आहेत का? पुढे आजार, रक्त पातळ करणारी औषधे, आकडी, औषधाची किंवा अन्नाची तीव्र अ‍ॅलर्जी, गरोदरपण, गेल्या दोन आठवड्यांत घेतलेली दुसरी लस. शेवटी डॉक्टरची सही आणि संमतीची सही. पालिकेविषयीचा तो प्रश्न वैद्यकीय यादीत उपरा वाटतो, पण दवाखान्याला लशीचे पैसे याच कागदावर मिळतात. भरलेली प्रश्नावली हेच दवाखान्याचे बिल असते आणि ते कोणत्या पालिकेकडे जायचे, हे पत्ता ठरवतो. घर बदलून दुसऱ्या शहरात गेलेल्या माणसाचे जुने कूपन चालत नसे, त्याचेही कारण हेच.

वैद्यकीय प्रश्नांच्या बारकाईमागे कोर्टाचा इतिहास आहे. लशीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलेल्या मुलांच्या कुटुंबांनी लढवलेल्या खटल्यात टोकियो उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९२ मध्ये सरकारला जबाबदार धरले. ज्यांना लस देऊ नये अशी मुले आधीच ओळखण्याची पुरेशी व्यवस्था केली नाही, हा ठपका होता. १९९४ मध्ये कायदा बदलला, सक्ती गेली, शाळेत रांग लावून टोचण्याऐवजी मूल ओळखणाऱ्या डॉक्टरकडे एकेकट्याने लस घेण्याची पद्धत आली आणि आधीच्या तपासणीला वजन आले. म्हणून ही प्रश्नावली कोणीतरी भराभर ‘नाही, नाही’ अशा खुणा करून देऊन टाकावी, असा कागद मुळीच नाही. न समजलेल्या भाषेतल्या प्रश्नांवर शेजाऱ्याचे पाहून खुणा करणारा परदेशी माणूस ज्या संरक्षणासाठी हा कागद जन्माला आला, त्यालाच मुकतो. कोविडच्या काळात आरोग्य मंत्रालयाने नेपाळीसह अनेक भाषांत अनुवाद दिले होते. मात्र अनुवाद शेजारी ठेवून वाचायचा आणि भरायचा मूळ जपानी कागदच, अशी पद्धत होती. बिल त्याचेच व्हायचे होते.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी नाजूक होते. पुण्यात जन्मलेल्या बाळाला बीसीजी जन्मतःच मिळालेली असते, पोलिओचे थेंब तोंडावाटे मिळालेले असतात आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर. जपानमध्ये बीसीजी साधारण पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान, नऊ सुयांचा शिक्का दंडावर दोनदा दाबून देतात. पोलिओची लस २०१२ पासून इंजेक्शनातून, आणि गोवर-रुबेलाचा पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावर. दोन्ही वेळापत्रके आपापल्या देशातल्या रोगांचा विचार करून बनलेली आहेत, त्यांत चूक कोणाचीच नाही. पण भारतातले कार्ड घेऊन आलेल्या आईसमोर बसलेल्या बालरोगतज्ज्ञाला एकेक तारीख पाहून काय मोजायचे आणि काय पुन्हा द्यायचे हे ठरवावे लागते. मग ते पालिकेकडून मिळालेल्या ‘बोशी तेचो’ या माता-बालक पुस्तिकेत चढवायचे. या पुस्तिकेची परंपरा १९४२ पासूनची आहे आणि जपानी माणसे ती मोठेपणीही जपून ठेवतात. भारतातल्या कार्डावर दिवस आधी, जपानी रकान्यात वर्ष आधी, तेही अनेकदा सम्राटाच्या कालगणनेतले. २०२४ म्हणजे रेइवा सहा. नावाचीही तीच गत. काताकाना लिपीत देशपांडे हे आडनाव कुठले स्वर लांबवायचे यावर तीन-चार प्रकारे लिहिता येते आणि माणसाला जो फरक दिसतही नाही, तो संगणकाला दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतो. नाव एकदा ठरवून सगळीकडे काना-मात्रेसकट तसेच लिहावे, हा निशिकासाईत नव्याने आलेल्या कुटुंबाला देण्यासारखा पहिला सल्ला.

लशीचा हक्क पत्त्यावर टांगण्याला भारताचे उदाहरण देऊन आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. कोविडच्या लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर पत्ता लागत नव्हता. फोन नंबर आणि ओळखपत्र असले की देशातले कुठलेही केंद्र चालत असे. ऑगस्ट २०२१ पासून भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही पासपोर्टवर नोंदणी करता आली. फिरत्या माणसाला ही पद्धत निश्चितच सोयीची होती. पण कोविन आलेल्याला लस देत होते, न आलेल्याला हाक मारत नव्हते. भारतात ती हाक आशाताई आणि अंगणवाडीसेविका मारतात, घरोघरी जाऊन, गावाची यादी हातात घेऊन. म्हणजे मोबाइलवर नोंदणी करणाऱ्या देशातही बाळाची लस शेवटी कोणाच्या तरी यादीतल्या घरावर उभी आहे. आणि ज्या घराला कुलूप लागते तिथे ती डळमळते. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या कुटुंबांतल्या मुलांचे डोस याच कारणाने चुकत आले आहेत. जपानमध्ये पत्ता न बदलता शहर सोडणाऱ्या परदेशी कामगाराचे होते तेच. यावरचा उपाय यादी मोडण्यात नाही. माणूस हलला की त्याचे नाव नव्या यादीत सहज जावे, यावर श्रम खर्च व्हायला हवेत.

दुसरा आक्षेप पाळतीचा. हीच नोंद कर आकारते, आणि नव्वद दिवस पत्ता न कळवणाऱ्याचा निवासाचा परवाना रद्द होऊ शकतो. ज्याची कागदपत्रे पक्की नाहीत तो माणूस या खिडकीजवळ फिरकणारच नाही, आणि तो आजारी पडला तर नुकसान त्याच्या एकट्याचे नसेल. हा आक्षेप मला पूर्ण खोडता येत नाही. कोविडच्या वेळी नोंदीबाहेरच्या लोकांनाही पालिकेकडे अर्ज करून कूपन मिळण्याची वाट ठेवली होती. ती वाट नेहमीच्या लशींसाठीही उघडी आणि निर्धोक असली पाहिजे.

राहिला भाषेचा मुद्दा. जपानमध्ये राहायचे तर जपानी शिका, असे म्हणणारे चूक नाहीत. पण रोटाव्हायरसच्या लशीचा पहिला डोस बाळ चौदा आठवडे सहा दिवसांचे होईपर्यंतच घ्यायचा असतो. त्यानंतर सुरुवात केली तर आतडे आतड्यात शिरण्याचा धोका वाढतो. नव्याने आलेल्या आईला तेवढ्या अवधीत कांजी वाचता येणार नाही आणि बाळ थांबणार नाही. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये सदतीस लाखांवर परदेशी रहिवासी होते, त्यांत पन्नास हजारांहून जास्त भारतीय. एवढ्यांसाठी पूर्ण पत्रव्यवहार प्रत्येक भाषेत छापणे कोणत्याही वॉर्डाला झेपणार नाही, पण त्याची गरजही नाही. पत्ता नोंदवताना त्याच खिडकीवर ‘पत्र कोणत्या भाषेत कळेल’ एवढे विचारून ठेवता येईल, आणि पाकिटावर ‘यात लशीचे कागद आहेत, अमुक तारखेच्या आत वापरा’ ही एक ओळ त्या भाषेत छापता येईल. जाहिरातींच्या गठ्ठ्यात हे पाकीट फेकले जाऊ नये, एवढे काम ती ओळ करील. लशीची प्रश्नावली फोनवर आणण्याचे काम जपानमध्ये सुरू आहे. कागदावर अनुवाद आणि मूळ प्रत वेगळे ठेवावे लागत होते, ती अडचण तिथे उरत नाही: प्रश्न मराठीत दिसला आणि डॉक्टरला उत्तर जपानीत पोहोचले, तरी बिल अडत नाही. ही व्यवस्था बांधली जात असतानाच भाषांची यादी ठरवली पाहिजे आणि ती ठरवताना वॉर्डांनी आपल्याच नोंदवहीत कोण राहते ते पाहावे. एदोगावाच्या नोंदवहीत त्याचे उत्तर आधीच लिहिलेले आहे.