पुरातत्त्वज्ञ : एक व्यवसाय (लेखांक ६) — शैलचित्रांचे अभ्यासक

पुरातत्त्वाच्या ज्या शाखेत कुदळीपेक्षा कुंचला अधिक उपयोगी पडतो, ती शैलचित्रांच्या अभ्यासाची शाखा होय. कड्याच्या पुढे आलेल्या भागाखाली तयार झालेल्या नैसर्गिक निवाऱ्याला शैलाश्रय म्हणतात आणि त्याच्या भिंतीवर वा छतावर प्राचीन माणसाने रंगवलेल्या आकृतींना शैलचित्रे. माहूर किंवा खरोसा येथील लेणी पाहिलेल्या नांदेड-लातूरच्या वाचकाने येथे एक भेद ध्यानात घ्यावा : ती दालने माणसाने छिन्नीने कोरली, तर विंध्यातील वालुकाश्माचे मऊ थर ऊन-पावसाने झिजून तेथे निवारे आपोआप तयार झाले आणि माणूस त्यांत राहायला आला.

विंध्यातील अशाच निवाऱ्यांचा भीमबेटका हा समूह १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकर यांनी अभ्यासकांच्या नजरेस आणला. नीमच येथे १९१९ साली मराठी कुटुंबात जन्मलेले आणि उज्जैन ही कर्मभूमी मानलेले वाकणकर मुळात चित्रकार होते, आणि त्यांच्या कारकिर्दीचे मर्म त्यांच्या उत्खननांपेक्षाही या हातातल्या कलेतच शोधावे लागते.

कारण या शाखेत नक्कल करणे हेच संशोधन असते. एकाच भिंतीवर पांढऱ्या हत्तीच्या पोटातून गेरूचा गवा डोकावत असेल, तर कोणती रेघ कोणत्या रेघेवरून गेली हे ठरवण्यासाठी अभ्यासकाला तासन्‌तास भिंतीशी डोळा लावून प्रत्येक रेघ कागदावर उतरवावी लागते. छायाचित्र कितीही स्पष्ट असले तरी रेघांचा हा क्रम त्यात पुष्कळदा हरवतो. वरचे चित्र खालच्यापेक्षा नंतरचे, या साध्या नियमावर शैलचित्रांचा सापेक्ष कालक्रम उभा राहतो. वर्षांत काळ सांगणे मात्र अवघड, कारण कार्बन-१४ पद्धतीला सेंद्रिय द्रव्य लागते आणि गेरू हे तर लोहाचे खनिज. म्हणूनच हिरव्या रंगातील चपळ आकृतींना वाकणकरांनी उत्तर पुराश्मयुगापर्यंत, म्हणजे अखेरच्या हिमयुगातील शिकाऱ्यांच्या काळापर्यंत, मागे नेले, तरी अनेक अभ्यासकांना ही परंपरा त्यानंतरच्या मध्याश्मयुगापासूनच सुरू झालेली वाटते. वाद अजून मिटलेला नाही, आणि केवळ शैलीवरून तो मिटेल असे वाटतही नाही.

वाकणकरांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारसा यादीत आले. तेथील उत्खननात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वि. ना. मिश्र यांचा वाटा मोठा होता, आणि यशोधर मठपाल यांनी तेथील चित्रांच्या जलरंगातील नकला करून याच संस्थेत प्रबंध सादर केला. मराठवाड्यातून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यालाही पदवीनंतर पुण्याची हीच वाट जवळची आहे. भीमबेटक्याला जाण्याआधी त्याने रत्नागिरीच्या सड्यावरील कातळशिल्पे पाहावीत : तेथे आकृती रंगवलेल्या नसून जांभ्या दगडात कोरलेल्या आहेत, आणि त्या उघड्या कातळावर असल्यामुळे त्यांचा काळ ठरवायला उपयोगी पडणारे मातीचे थरही सहसा मिळत नाहीत.