आसाची निवड : नाव, माप आणि भार

संस्कृत ‘अक्ष’, लॅटिन ‘अक्सिस’ आणि इंग्रजी ‘ॲक्सल’ हे शब्द एकाच कुळातील होत, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. बैलगाडीचा ‘आख’ हा ‘अक्ष’ शब्दाचाच प्राकृतातून आलेला वंशज आहे. शब्दाचे कूळ मात्र जितके स्पष्ट, तितका त्याचा अर्थ आजच्या व्यवहारात स्पष्ट राहिलेला नाही. मोटारीच्या कारखान्यात ‘ॲक्सल’ हा शब्द कधी चाकापासून चाकापर्यंतच्या संपूर्ण जोडणीस लावतात, तर कधी तिच्या आत फिरणाऱ्या एका दांड्यास. डोंगराळ व खडकाळ वाटेवर चालविण्यासाठी गाडीची पुनर्रचना करणाऱ्यास जुना आस बदलावयाचा असतो, तेव्हा ही संदिग्धता केवळ कोशकाराची अडचण राहत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात संपूर्ण जोडणीस ‘आस’ आणि आतील फिरत्या भागास ‘दांडा’ म्हटले आहे.

विवेचनासाठी एक निश्चित उदाहरण घेऊ. अमेरिकेत टोलेडो येथे तयार झालेल्या १९९७ ते २००६ या पिढीच्या जीप रँग्लर गाड्यांपैकी पुष्कळांना मागे ‘डेना ३५’ हा आस असे. मूळ चाकांवर सामान्य रस्त्याने जाण्यास तो पुरेसा होता. परंतु मालकाने ३० इंची टायरांऐवजी ३५ इंची टायर बसविले आणि गाडी खडकांवर नेली, म्हणजे त्याचे दांडे तुटण्याचा संभव वाढतो. अशा वेळी त्याच्यापुढे सामान्यतः तीन पर्याय येतात : ‘डेना ४४’, फोर्ड एक्स्प्लोरर गाडीखालचा ‘८.८’ आणि ‘डेना ६०’.

येथेच पहिला भ्रम उद्भवतो. ३५, ४४, ६० आणि ८.८ हे आकडे शेजारी मांडले की ते एकाच मोजपट्टीवरील खुणा वाटतात. वस्तुतः तसे नाही. डेनाचे क्रमांक ही नावे होत. ते इंच नव्हेत, की वजनही नव्हे. उलट फोर्डचा ‘८.८’ हे क्राउन चक्राच्या व्यासाचे इंचांतील माप आहे. ह्याच मापाने पाहता डेना ३५ चे क्राउन सुमारे साडेसात इंच, ४४ चे साडेआठ इंच आणि ६० चे पावणेदहा इंच भरते. म्हणजे आकड्याने सर्वांत लहान दिसणारा ८.८ हा क्राउनच्या व्यासात ४४ च्याही पुढे जातो. ‘एकटनी आस’ ह्या अमेरिकन संज्ञेचीही हीच गत आहे. ती मूळ मालट्रकाच्या वर्गाची निदर्शक असून आसाच्या प्रत्यक्ष वहनशक्तीची नव्हे. चिन्ह व चिन्हित ह्यांचा संबंध यादृच्छिक असतो, हा आपला परिचित सिद्धान्त येथे खिशाला जाणवणारा ठरतो.

मग तुलना कशाच्या आधारे करावी? प्रथम दांड्याची जाडी पाहावी. धातू तोच असेल तर पीळ सोसण्याची दांड्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. डेना ३५ च्या दांड्याचा व्यास दातेरी टोकाशी सुमारे १.१८ इंच, तर ४४ चा १.३१ इंच आहे. व्यासातील फरक अवघा अकरा टक्के. परंतु शक्तीतील फरक सुमारे सदतीस टक्के पडतो. ८.८ चा दांडा ह्या बाबतीत ४४ च्या बरोबरीचाच आहे. डेना ६० चे ३५ दात्यांचे दांडे दीड इंचाचे असतात. त्यांची शक्ती ३५ च्या दांड्याच्या दुपटीहून थोडी अधिक येते.

आता मागणीची बाजू पाहू. चाकाची जमिनीवरील पकड सुटेपर्यंतच दांड्यावर पीळ वाढू शकतो, आणि ही मर्यादा चाकाच्या त्रिज्येच्या प्रमाणात असते. टायर ३० वरून ३५ इंचांवर नेले की ती सुमारे सतरा टक्क्यांनी वाढते. ह्याहून मोठा बदल डिफरन्शियल जखडणाऱ्या ‘लॉकर’ने होतो. साधे डिफरन्शियल दोन्ही दांड्यांस समान पीळ देते. जखडलेल्या स्थितीत एक चाक अधांतरी असेल, तर आसावरील सर्व भार दुसऱ्या चाकावर येतो आणि सर्व पीळही त्याच्याच दांड्यास सोसावा लागतो. म्हणजे त्या दांड्यावरील मागणी दुपटीपर्यंत जाते. तात्पर्य, टायर आणि लॉकर ह्यांचा निर्णय आधी व आसाचा नंतर, हाच क्रम युक्त होय.

तथापि जाडीपेक्षाही महत्त्वाचा एक प्रश्न आहे, आणि तो प्राणांशी संबंधित आहे : गाडीचे वजन कोण वाहतो? ‘सेमी फ्लोटिंग’ रचनेत दांडा चाक फिरवितो आणि त्याच्या बाहेरच्या टोकावर गाडीचे वजनही असते. ‘फुल फ्लोटिंग’ रचनेत वजन आसाच्या नळीच्या स्थिर टोकावर बेअरिंगांतून पडते. दांड्याकडे केवळ फिरविण्याचे काम उरते. ‘फ्लोटिंग’ ह्या शब्दाने काही तरंगत असल्याचा भास होतो, पण अर्थ इतकाच की, दांडा वजनापासून मुक्त आहे. आपल्या बैलगाडीत आख स्थिर असतो, भार तो वाहतो आणि चाक त्यावर फिरते. फुल फ्लोटिंग आस म्हणजे ह्याच जुन्या तत्त्वात फिरविणाऱ्या दांड्याची घातलेली भर होय.

ह्या भेदाचा परिणाम दांडा तुटल्यावर दिसतो. फुल फ्लोटिंग आसाचे चाक जागेवर राहते. डेना ३५ आणि एक्स्प्लोररचा ८.८ ह्या दोहोंत मात्र दांड्याचे आतील टोक डिफरन्शियलमध्ये एका लहान ‘सी’ आकाराच्या चापाने अडकविलेले असते. दांडा मध्ये तुटला की बाहेरचा तुकडा चाकासह निसटून बाहेर येऊ शकतो. रँग्लरखाली आलेल्या डेना ४४ मध्ये दांडा बाहेरच्या टोकाशी बेअरिंगपाशी पट्टीने धरलेला असल्याने हे भय कमी होते. परंतु तोही सेमी फ्लोटिंगच आहे. तेव्हा ३५ सोडून ८.८ घेणाऱ्याने जाडी वाढविली, तत्त्व बदलले नाही, हे ओळखून असावे.

फुल फ्लोटिंग म्हणजे अवजड, असेही समजू नये. दुसऱ्या महायुद्धातील चिमुकल्या विलीज जीपचा मागील आस फुल फ्लोटिंगच होता. ह्याच कुळातील जीपगाड्यांची जुळणी पुढे मुंबईत होऊ लागली आणि ‘जीप’ हा शब्द मराठीत रुळला. संज्ञा तत्त्व सांगते, आकार नव्हे.

उरलेल्या बाबी जुळवणीच्या आहेत. एक्स्प्लोररच्या ८.८ वर चाकाचे पाच बोल्ट रँग्लरप्रमाणेच साडेचार इंचांच्या वर्तुळावर असतात, आणि १९९५ नंतरच्या आसांस डिस्क ब्रेकही मिळतात. म्हणूनच भंगारबाजारात त्यास मागणी राहिली. परंतु त्याचे डिफरन्शियल मध्यापासून उजवीकडे सरकलेले आहे, आणि स्प्रिंगांचे आधार नव्याने वेल्ड करावे लागतात. मालट्रकाखालील डेना ६० बहुधा आठ बोल्टांचा असतो, म्हणजे चाकेही नवी हवीत. शिवाय त्याचे क्राउन मोठे असल्याने आसाचा मधला गोळा सुमारे एक इंच खाली येतो. मोठ्या टायरांनी मिळविलेल्या अडीच इंच उंचीतून तेवढी वजा होते. शेवटी गुणोत्तर : ३० इंची टायरांवर ३.७३ असेल, तर ३५ इंचींवर पूर्ववत् ओढ राहण्यास ४.३५ हवे, बाजारात त्याच्या पुढचे ४.५६ मिळते. पुढील व मागील दोन्ही आसांचे गुणोत्तर समान ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा चारही चाके जोडताच ती परस्परांशी झगडू लागतील.

सारांश, विक्रेत्यास ‘कितवा आस?’ असे विचारून भागत नाही. दांडा किती जाड, वजन कोण वाहतो, आणि दांडा तुटल्यास चाक कशाने थांबेल, हे तीन प्रश्न विचारावयास हवेत. नावाने वस्तू ओळखता येते, पारखता येत नाही. ग्रंथालयात हा नियम विसरल्यास एखादी तळटीप चुकते. घाटाच्या उतारावर विसरल्यास चाक निसटते.