एकच कीबोर्ड-माऊस, संगणकालाही अन् टॅबलाही! नवा जोड घेण्याआधी हे वाचा

चौसाळा : घरात जुना संगणक आहे, मुलीला सीईटीच्या अभ्यासासाठी ‘महाज्योती’चा टॅब मिळालाय, मग टॅबसाठी वेगळा कीबोर्ड-माऊस घ्यायचा का? गरज नाही. आहे तोच जोड दोन्हीकडे चालतो.

फायदा काय? जेईई मेन आणि एमएचटी-सीईटी या परीक्षा संगणकावर होतात, उत्तरं माऊसने निवडावी लागतात. टॅबवर बोटाने सराव केलेल्या मुलांचा हात तिथे अडखळतो. सराव परीक्षा माऊसने सोडवल्या तर हाताला सवय लागते.

ओटीजी : सगळ्यात स्वस्त उपाय
मोबाईलच्या दुकानात ओटीजी मिळतं. घेताना टॅबची पिन टाईप-सी आहे की जुनी मायक्रो, हे बघून घ्या. ओटीजी टॅबला लावा, त्यात कीबोर्ड किंवा माऊसची वायर घाला. स्क्रीनवर बाण दिसला की काम झालं, कुठलंही ॲप लागत नाही. दोन्ही एकदम लावायचे तर छोटा यूएसबी हब घ्या. वायरलेस जोडाला एकच डोंगल असेल तर हबही नको. काही टॅबमध्ये सेटिंगमधून ओटीजी चालू करावं लागतं. साध्या ओटीजीवर टॅब त्याच वेळी चार्ज होत नाही, म्हणून आधी चार्जिंग करून ठेवा.

लाईट गेली की संगणक बंद पडतो, टॅब मात्र बॅटरीवर चालतो. कीबोर्डची वायर टॅबला लावली की मोबाईलच्या नेटवर काम पुढे नेता येतं. संगणकावर सेव्ह न केलेला फॉर्म मात्र पुन्हा भरावा लागेल.

ब्लूटूथ : वायर बदलायची कटकट नाही
नवा जोड घ्यायचाच असेल तर दोन-तीन उपकरणांना जोडता येणारा ब्लूटूथ जोड मागा. 1 दाबलं की संगणक, 2 दाबलं की टॅब. संगणकात ब्लूटूथ आहे का, हे आधी तपासा.

केबल आणि सॉफ्टवेअर
‘एससीआरसीपीवाय’ या मोफत सॉफ्टवेअरने अँड्रॉइड टॅबची स्क्रीन संगणकावर दिसते आणि तिथल्याच कीबोर्ड-माऊसने टॅब चालवता येतो. त्यासाठी टॅबमध्ये ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करावं लागतं. काम झालं की ते आठवणीने बंद करा. सरकारी टॅबमध्ये ही सेटिंग बंद ठेवलेली असेल तर छेडछाड न करता ओटीजीच वापरा.

एवढं सांभाळा
फोनवरून कुणी ‘ॲप टाका, कोड सांगा, आम्ही जोडून देतो’ म्हणालं तर साफ नाही म्हणा. असं ॲप टाकून कोड दिला की स्क्रीन समोरच्याच्या ताब्यात जाते. ओटीपीही दिसतो आणि बँक खातं रिकामं होऊ शकतं. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.