टोकावड्याच्या रस्त्यावरचे 'मॅड मेन'

सिगारेट विकायची आहे आणि ती तब्येतीला चांगली असं म्हणायची आता सोय उरलेली नाही. मग म्हणायचं काय? 'मॅड मेन'चा पहिला भाग या एका पेचावर उभा आहे. काळ 1960 चा, जागा न्यूयॉर्क. डॉन ड्रेपर हा जाहिरातवाला भर मीटिंगमध्ये गडबडतो, मग तंबाखूवाल्या मालकाला सहज विचारतो, तुमचा माल बनतो कसा? मालक सांगत जातो: पेरतो, कापतो, वाळवतो, भाजतो. झालं! 'भाजलेली' हीच जाहिरात. भाजतात सगळेच, पण कोणी बोललेलं नाही ना. लकी स्ट्राइकची ही ओळ खरी आहे, फक्त ती 1917 पासूनची आहे. मालिकेने तिचं श्रेय खुशाल ड्रेपरला देऊन टाकलं.

मॅथ्यू वायनरची ही मालिका अमेरिकेत 2007 ते 2015 या काळात चालली. सात सीझन, 92 भाग. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, 'द व्हील', मला सगळ्यांत वरचा वाटतो. कोडॅकने स्लाइड दाखवायचं गोल चाकाचं यंत्र काढलंय आणि त्यांना जाहिरातीत तंत्राचं कौतुक हवंय. ड्रेपर खोलीत अंधार करतो आणि स्वतःच्याच घरचे फोटो लावतो: बायको, मुलं, लग्नातला क्षण. हे यंत्र माणसाला मागे सोडलेल्या जागी परत नेतं, असं तो सांगतो. त्याचा एक सहकारी डोळे पुसत खोलीबाहेर पळतो. प्रेक्षकाला मात्र ठाऊक असतं की या गृहस्थाचा संसार त्याच्याच करणीने फाटत चाललाय. घर मोडतंय आणि त्याच घराचे फोटो दाखवून तो धंदा आणतोय.

हे सगळं बंद काचेच्या खोलीत घडतं. जाहिरात पुढे कुठे जाऊन पोचते, ते मालिका क्वचितच दाखवते. ते बघायला कल्याण-नगर रस्ता बरा. मुरबाड सोडून टोकावड्याकडे, पुढे माळशेजकडे निघालं की दोन्ही अंगांना जाहिराती सुरू होतात. जुना प्रकार रंगवलेल्या भिंतीचा. आधी चुना मारायचा. मग सुतळीला नीळ चोपडून ती दोघांनी भिंतीवर ताणून धरायची आणि मधेच चिमटीत उचलून सोडायची. सटकन सरळ रेघ उमटते. दोन रेघांच्या मधे अक्षरं बसवायची, पोट ऑइलपेंटने भरायचं. घरमालकाला भिंत फुकटात रंगून मिळते. सिमेंट, खतं, बियाणी, पूर्वी तंबाखूही. 2003 च्या कायद्याने ती बाद झाली.

नवा प्रकार फ्लेक्सचा, आणि त्यावर बहुतेक करून प्लॉट. एन. ए. प्लॉट, फार्महाऊस, सेकंड होम. चित्रात हिरवा डोंगर, अंगण, झोपाळा. या पाट्यांची तोंडं कल्याणकडून येणाऱ्या गाड्यांकडे असतात, आणि ते बरोबरच आहे म्हणा. टोकावड्याचा माणूस झोपाळ्यासाठी प्लॉट कशाला घेईल? सुटलेलं गाव परत मिळवून देतो, असं शहरवाल्याला सांगायचं. ड्रेपरने कोडॅकला विकलं ते हेच. फरक एवढाच की तिकडे त्याने स्वतःचं घर दाखवलं, इकडे दाखवलं जातं ते आपलं.

ड्रेपरच्या काळात मुंबईतही हा धंदा जोरात होता. 1961 मध्ये बाळ मुंडकूरांनी 'उल्का' काढली, 1965 मध्ये केर्सी कात्रकांनी 'एमसीएम'. 1966 मध्ये सिल्व्हेस्टर दा कुन्हा आणि युस्टेस फर्नांडिस यांनी अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकवाली पोरगी आणली. आणि या इंग्रजी बोलणाऱ्या दुनियेत कोल्हापूरचे अरुण कोलटकर आर्ट डायरेक्टर होते, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले. जाहिरातीतला मानाचा 'कॅग' पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला. 'जेजुरी' 1976 मध्ये पुस्तकरूपाने आली, तिला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला, पण कविता खपवण्याच्या भानगडीत हा माणूस पडला नाही. घरात फोन ठेवला नाही, पुस्तकं वर्षानुवर्षं अडवून धरली. ड्रेपरला जे जमलं नाही ते कोलटकरांना जमलं: विकायचं ते ऑफिसात, बाकीचं गिऱ्हाइकाच्या नजरेपासून लांब.

'उल्का'त र. कृ. जोशी होते, अक्षरांचे वेडे. पुढे ते पवईच्या आय.आय.टी.त शिकवू लागले आणि विंडोजमध्ये येणारा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांनी घडवला. मुरबाडच्या कचेरीतून निघणारे कितीतरी कागद याच अक्षरांत छापलेले असतात. जाहिरातवाल्याचं इतकं काम इतक्या लोकांच्या हाती रोज पडतं, आणि एकालाही त्याचं नाव ठाऊक नाही.

मालिका पाहायचीच तर सगळे 92 भाग पाहायला हवेत असं नाही. मधले काही सीझन दारू आणि लफड्यांत रेंगाळतात. पहिला भाग बघा, 'द व्हील' बघा. चौथ्या सीझनमधला 'द सूटकेस' सोडू नका: ड्रेपर आणि त्याच्या हाताखालची पेगी ओल्सन रात्रभर एका बॅगेच्या जाहिरातीवर भांडतात. ज्या कामाबद्दल साधे आभारही मिळाले नाहीत त्याचा हिशेब ती मागते. पगार मिळतो तो त्यासाठीच, असं तो ओरडतो. शेवटचा भाग संपतो तो कोका-कोलाच्या 1971 च्या खऱ्या जाहिरातीवर, डोंगरावर जगभरची पोरं गातात ती. ड्रेपर आश्रमात डोळे मिटून बसतो, किंचित हसतो आणि जाहिरात सुरू होते. त्याला शांती सापडली की नुसती कल्पना, यावर लोक अजून वाद घालतात. माझं मत कल्पनेच्या बाजूने.