सिलिंगचे रान



आपल्याकडे एखाद्या वावराला ‘सिलिंगचे रान’ म्हणतात. आमचे रानही सिलिंगचेच. म्हणून मी आजोबांकडून आणि गुरुजींकडून माहिती घेऊन हा लेख लिहीत आहे.

सिलिंग म्हणजे कमाल मर्यादा. एका कुटुंबाने जास्तीत जास्त किती शेतजमीन ठेवावी, हे ठरवणारा कायदा महाराष्ट्रात 1961 साली झाला. पण ती मर्यादा फारच सैल होती. काही भागांत कोरडवाहू जमीन शंभर एकरांच्या वर ठेवता येत होती! मग 2 ऑक्टोबर 1975 पासून ती घट्ट केली.

आता गणित बघा. बारमाही पाण्याची जमीन असेल तर 18 एकर आणि कोरडवाहू असेल तर 54 एकर. म्हणजे बरोबर तिप्पट. असे का? भीमेपलीकडे दौंड तालुक्यात खडकवासल्याचा कालवा येतो, त्यावर ऊस उभा राहतो. आपल्या शिरूरच्या पाबळ-केंदूरच्या माळावर पावसाने दडी मारली की बाजरीसुद्धा हाती लागत नाही. म्हणून एकर मोजताना पाणीही मोजले. मधल्या प्रकारच्या जमिनींना 27 आणि 36 एकर अशी मर्यादा आहे.

काही जणांनी कायदा येणार हे ओळखून जमिनी सोयऱ्याधायऱ्यांच्या नावावर केल्या. सरकारही हुशार! 26 सप्टेंबर 1970 नंतरचे असले व्यवहार तपासायचे ठरले.

मर्यादेवरची जमीन सरकार मोबदला देऊन घेते व भूमिहीनांना वाटते. आमच्या आजोबांना अशीच दोन एकर मिळाली. पण सगळा मुरूम! बैल नाहीत, विहीर नाही. पहिली काही वर्षे आजोबा-आजी दुसऱ्याच्याच बांधावर मजुरीला जात, आणि सांजच्याला येऊन आपल्या रानातले दगड वेचत. त्याच दगडांची ताल अजून उभी आहे.

ही जमीन सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ अशी लागते. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. आत्याच्या लग्नाला पैसे हवे होते तेव्हा वडील म्हणाले, “नावावर हाय, पण उपयोग काय?” आजी म्हणाली, “विकता येत नव्हती म्हणूनच राहिली, बाबा.” मला दोघांचेही पटते.

पालकहो, असे रान असेल तर कुणाकडून इसार घेण्याआधी तहसील कचेरीत विचारा. विनापरवाना विकलेली जमीन सरकारजमा होऊ शकते.

— इयत्ता सातवी