आपत्कालीन वैद्यकीय सेवेत दिव्यांग तरुणांना वाट आहे काय?

बारावीचे निकाल लागले की मुलांच्या पुढील शिक्षणाविषयी विचारणा करण्यासाठी अनेक पालक आमच्याकडे येतात. गेल्या वर्षी आलेल्या एका आईवडिलांसोबत त्यांची मुलगीही होती. तिचा डावा हात जन्मतः कोपरापर्यंतच आहे. गुण चांगले, स्वभाव धीट, आणि इच्छा एकच : रुग्णवाहिकेवर काम करायचे, अपघातग्रस्तांचे प्राण वाचवायचे. वडील म्हणाले, “हिला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, आणि हो म्हणावे तर उद्या एखाद्या रुग्णाच्या जिवावर बेतेल, अशी भीती वाटते. आम्ही हिला काय सांगावे?”

त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. नंतर या विषयाची जी माहिती आम्ही मिळवली, ती वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण असा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत असेल, याची आम्हांला खात्री आहे.

आपत्कालीन सेवा म्हणजे नेमके काय?

आपत्कालीन सेवा म्हटली की भोंगा वाजवीत धावणारी रुग्णवाहिका आणि स्ट्रेचर उचलणारे दोन धडधाकट तरुण आपल्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ती एक साखळी आहे. पहिली कडी दूरध्वनीची. भारतात १०८ क्रमांकाची सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०१४ साली आली. फोन उचलणारी व्यक्ती पत्ता विचारते, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास नीट चालू आहे का हे जाणून घेते आणि वाहन रवाना करते. जगातील अनेक केंद्रांत हीच व्यक्ती घाबरलेल्या नातेवाइकांना छाती कशी दाबायची हे फोनवरून सांगत राहते. दुसरी कडी रुग्णवाहिकेची. तिसरी कडी रुग्णालयातील आपत्कालीन विभागाची, ज्याला आपण कॅज्युअल्टी म्हणतो. या तिन्ही ठिकाणी ज्ञान सारखेच लागते. शरीराकडून होणारी मागणी मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी असते.

म्हणून ‘अपंग व्यक्तीला हे काम जमेल का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणते काम, कोणत्या ठिकाणी, आणि त्यातील कोणती कृती, असे विचारल्याशिवाय त्याचे प्रामाणिक उत्तर मिळत नाही.

अंदाज नको, मोजमाप हवे

हृदय बंद पडलेल्या रुग्णाला दिला जाणारा छातीदाब, म्हणजे सीपीआर, याचे उदाहरण घेऊ. प्रौढ रुग्णाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक वेळी किमान ५ सेंटीमीटर, परंतु ६ सेंटीमीटरहून अधिक नाही, इतकी दाबावी लागते. हा जोर बोटांतून येत नाही. कमरेपासून पुढे झुकलेल्या शरीराच्या भारातून येतो. प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या काही पुतळ्यांत दाबाची खोली आणि वेग दाखविणारी यंत्रणा असते. एका हाताने किंवा कृत्रिम हाताच्या आधाराने कोणी छातीदाब देत असेल, तर तो पुरेसा आहे की नाही हे आकड्यांत दिसते. तेथे परीक्षकाच्या दयेला जागा नाही, आणि पूर्वग्रहालाही नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सशक्त मनुष्यदेखील छातीदाब देताना लवकर थकतो. म्हणून दर २ मिनिटांनी माणूस बदलावा, असा नियम आहे. सुसज्ज पथकात छातीदाब, श्वासमार्ग, विजेचा झटका देणारे यंत्र, औषधे, वेळेची नोंद आणि नेतृत्व अशा जबाबदाऱ्या वाटून दिलेल्या असतात. नेतृत्व करणाऱ्याने शक्यतो स्वतः हात न घालता सर्वांवर लक्ष ठेवावे, असे शिकविले जाते. अंबू बॅगने श्वास देतानाही एकाने मुखवटा दोन्ही हातांनी घट्ट धरावा आणि दुसऱ्याने पिशवी दाबावी, ही पद्धत अधिक परिणामकारक मानली जाते. म्हणजे या क्षेत्रात कोणीही एकटा पुरा पडत नाही. दुसऱ्याच्या हाताची गरज सर्वांनाच लागते.

साधनांनीही बरीच मदत केली आहे. ज्याला कमी ऐकू येते त्याच्यासाठी आवाज वाढविणारा किंवा हृदयाचे ठोके पडद्यावर उमटविणारा डिजिटल स्टेथोस्कोप आहे. चाकाच्या खुर्चीवरील डॉक्टरला उंची कमीजास्त करता येणारी खाट उपयोगी पडते.

जेथे सवलत देता येत नाही

तरीही सर्व अडचणी साधनांनी दूर होतात, असे सांगणे ही फसवणूक ठरेल. अमेरिकेत १९९४ साली रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञांसाठी जो राष्ट्रीय अभ्यासक्रम तयार झाला, त्याच्या कामाच्या वर्णनात स्पष्ट लिहिले होते : एकट्याने १२५ पौंड, म्हणजे सुमारे ५७ किलो, आणि मदतीने २५० पौंड वजन उचलून तोल सांभाळता आला पाहिजे. चाळीच्या अरुंद जिन्यावरून बेशुद्ध माणूस खाली आणायचा असेल, तर ही अट निष्ठुर म्हणता येणार नाही. स्ट्रेचरच्या एका टोकाची पकड सुटली, तर पडणारा मनुष्य रुग्णच असतो.

त्याच देशात १९९० साली अपंगांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा झाला होता. त्यामुळे सवलत कोठे द्यावी आणि कोठे देऊ नये, याचा विचार तेथील प्रशिक्षणात करावा लागला. त्यातून निघालेले तत्त्व आम्हांला मार्मिक वाटते. लेखी परीक्षेत गरजू उमेदवाराला वाढीव वेळ देता येतो, कारण उत्तरपत्रिकेला घाई नसते. परंतु ज्या कृतीला रुग्णासाठीच वेळेची मर्यादा आहे, तेथे वाढीव वेळ देता येत नाही. कृती करण्याची रीत बदलली तरी चालेल, परिणाम मात्र तोच आला पाहिजे. सवलत आणि ढिलाई यांतील सीमारेषा ही अशी आहे.

आपल्या देशातील कायदा

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून अमलात आला. पूर्वीच्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते आता २१ झाले आहेत. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवणे बंधनकारक आहे. या कायद्याचे मर्म मात्र ‘वाजवी सोय’ या कल्पनेत आहे. संस्थेवर अवाजवी भार न टाकता जे आवश्यक बदल करता येतील, ते नाकारणे हाही भेदभावच होय, असे कायदा मानतो.

डॉक्टरकीच्या प्रवेशाबाबत अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने दोन महत्त्वाचे निर्णय दिले. मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात, अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक आकड्याच्या वर गेली एवढ्यावरून कोणाला अपात्र ठरविता येणार नाही. त्याला अभ्यासक्रम पूर्ण करता येईल का, हे मंडळाने तपासून कारणांसह सांगावे, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणात, उमेदवाराचे दोन्ही हात अखंड असलेच पाहिजेत, ही अट न्यायालयाने मनमानी ठरविली. हे निर्णय एमबीबीएसच्या प्रवेशासंबंधी आहेत. त्यांतील विचार मात्र इतर आरोग्य अभ्यासक्रमांनाही मार्गदर्शक ठरावा.

सेवेत असताना अपघाताने अपंगत्व आलेल्यांनाही याच कायद्याचा आधार आहे. शासकीय कर्मचाऱ्याला त्या कारणाने कामावरून कमी करता येत नाही. जुने काम जमत नसल्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. रात्री-अपरात्री रस्त्यावर धावणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना हे ठाऊक असावे.

आणि कायद्याच्याही आधी माणसांनी वाट काढली आहे. कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी यांना आठव्या वर्षी पोलिओ झाला. चाकाच्या खुर्चीवरून काम करीत त्यांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली भारतात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पाया घातला. शासनाने २००२ साली पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. त्यांचे क्षेत्र निराळे असले, तरी ‘खुर्चीवरचा डॉक्टर रुग्णाला काय बरे करणार?’ या शंकेला त्यांचे आयुष्य उत्तर देते.

पालकांनी आणि मुलांनी काय करावे?

प्रथम, अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी ओळखपत्र प्रवेशाच्या घाईआधीच काढून ठेवावे. दुसरे, ज्या अभ्यासक्रमाला जायचे त्यातील प्रत्यक्ष कृतींची यादी संस्थेकडून मागून घ्यावी आणि प्रत्येक कृतीपुढे तीनपैकी एक शेरा लिहावा : जमते, वेगळ्या रीतीने जमते, जमत नाही. तिसरे, शुल्क भरण्यापूर्वी एखाद्या प्रथमोपचार वर्गात पुतळ्यावर हात चालवून पाहावा. चौथे, लागणारी सोय लेखी मागावी आणि नकार आल्यास तोही कारणांसह लेखी घ्यावा. पाचवे, अडचण लपवू नये. लपविलेली अडचण नेमकी रुग्णापुढे उघडी पडते.

यादीत ‘जमत नाही’ असा शेरा एखाद्याच कृतीपुढे आला, तर स्वप्न मोडले असे समजू नये. स्ट्रेचर उचलता न येणारी व्यक्ती नियंत्रण केंद्रात, आपत्कालीन विभागात किंवा प्रशिक्षक म्हणून तितक्याच मोलाचे काम करू शकते. मात्र तो निर्णय तपासणीनंतर व्हावा, तपासणीऐवजी नव्हे.

त्या मुलीच्या वडिलांना आता आम्ही हेच सांगू : तिला हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. तिला पुतळ्यापुढे गुडघ्यांवर बसू द्या आणि दोन मिनिटे मोजा. रुग्णाला अर्धा न्याय पुरत नाही, आणि आपल्या लेकीलाही तो पुरू नये.