याद वाशेमचा फलक : वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ लेखन

पवित्र भूमीच्या यात्रेहून परतलेले भाविक आमच्याकडे लेख पाठवितात. बेथलेहेम व गालील सरोवर यांच्या पाठोपाठ त्यांत जेरुसलेममधील याद वाशेम या ज्यूसंहार-स्मारकाविषयी एक परिच्छेद असतो : 'अंगावर काटा आला, शब्द अपुरे पडले.' भावना खरी असते. परंतु काय पाहून काटा आला, हे वाचकास कळत नाही. लेखकाचे मन दिसते, वस्तू दिसत नाही. यास व्यक्तिनिष्ठ लेखन म्हणतात. ते त्याज्य नव्हे, अपुरे मात्र आहे.

तेथील बालस्मारक १९८७ साली उभे राहिले. अंधाऱ्या दालनात मेणबत्त्यांच्या ज्योती आरशांतून असंख्य होतात आणि एक आवाज मारल्या गेलेल्या बालकांचे नाव, वय व देश एवढेच सांगत राहतो. अशी बालके सुमारे १५ लक्ष होती. त्या आवाजात एकही विशेषण नाही. यात्रेकरूचे हृदय हेलावते ते त्या नावांनी, वयांनी.

मात्र वस्तुनिष्ठ दिसणारे प्रत्येक वाक्य वस्तुनिष्ठ असतेच असे नाही. २००५ साली उघडलेल्या नव्या संग्रहालयात पोप बारावे पायस यांच्याविषयी एक फलक होता. मित्रराष्ट्रांनी डिसेंबर १९४२ मध्ये काढलेल्या निषेधपत्रकावर पोपमहोदयांनी सही केली नाही, असे त्यात म्हटले होते. ते सत्यच आहे. रोममधील ज्यूंना ऑशविट्झला नेले तेव्हा त्यांनी हस्तक्षेप केला नाही, असेही त्यात होते. त्याच वर्षीच्या नाताळ-संदेशाचा मात्र उल्लेख नव्हता. केवळ राष्ट्रीयत्व वा वंश यांमुळे लक्षावधी निरपराध लोक मृत्यूच्या वाटेस लागले आहेत, असे पोपमहोदय त्यात बोलले होते. 'ज्यू' हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. २००७ साली पोपमहोदयांच्या तेथील राजदूतांनी या फलकामुळे वार्षिक स्मृतिसोहळ्यास न जाण्याचे जाहीर केले. अखेरीस ते गेले.

जुलै २०१२ मध्ये मजकूर बदलला. नाताळ-संदेश आला, टीकाकारांचे आणि समर्थकांचे म्हणणे शेजारी शेजारी आले. 'हस्तक्षेप केला नाही' याऐवजी 'जाहीर निषेध केला नाही' असे शब्द आले. हा फरक किरकोळ नव्हे. जाहीर निषेध झाला नाही, हे तपासता येते. हस्तक्षेपच नव्हता असे म्हणावयाचे, तर बंद दाराआड काय घडले तेही ठाऊक हवे. रोममधील मठांनी अनेक ज्यूंना आसरा दिला, आणि १६ ऑक्टोबर १९४३ रोजी पकडलेले हजाराहून अधिक ज्यू ऑशविट्झला रवाना झाले. ही दोन्ही वाक्ये सत्य आहेत. आपल्या काही कॅथोलिक नियतकालिकांत पहिलेच तेवढे आढळते, हे मला खटकते.

विषय अधिक संशोधनासाठी खुला आहे, असे नव्या फलकाने म्हटले. २ मार्च २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्या कारकिर्दीची दफ्तरे अभ्यासकांना खुली केली. २०२३ मध्ये तेथील एक पत्र प्रसिद्ध झाले. जर्मनीतील एका येशूसंघीय धर्मगुरूने पोपमहोदयांचे सचिव फा. लायबर यांना ते लिहिले होते. बेल्झेच छावणीत दररोज सुमारे ६००० माणसे, प्रामुख्याने पोलिश व ज्यू, मारली जात असल्याचे त्यात नमूद आहे. पत्राची तारीख १४ डिसेंबर १९४२. नाताळ-संदेश त्यानंतर दहा दिवसांनी, २४ तारखेस प्रसारित झाला.